जमिनीचा निवाडा, समुद्राची साक्ष

जमिनीवर तेलाची किंवा वायूची विहीर खणून झाल्यावर मागे उरलेल्या गाळाचे आणि दगडाच्या चुऱ्याचे काय करावे, हे भारतात पर्यावरण संरक्षण नियमांखालील २००५ सालच्या अधिसूचनेने ठरवून दिले आहे. हा कचरा तळाशी अभेद्य अस्तर असलेल्या खड्ड्यात टाकावा, खड्डा भरला की वरूनही अस्तर घालून त्यावर स्थानिक मातीचा जाड थर द्यावा, डिझेलवर आधारलेला मड वापरू नये, अशी त्यातली बरीच कलमे समंजस आहेत. एक कलम मात्र थांबून वाचावे असे आहे. खोदकामाच्या मडमध्ये मिसळायची रसायने कमी विषारी असावीत असे ते सांगते, आणि त्यासाठी कसोटीही देते: मायसिड या जिवावर ९६ तासांची चाचणी घेतली असता निम्मे जीव मरायला लिटरमागे ३०,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रा लागली पाहिजे. मायसिड नसेल तर जवळपास मिळणारी संवेदनशील समुद्री प्रजाती चालेल. मायसिड म्हणजे आपल्या जवळ्यासारखा दिसणारा, खाऱ्या पाण्यात पोहणारा इवलासा प्राणी. अमेरिकेने समुद्रातल्या विहिरींसाठी १९९३ साली जी मर्यादा घातली, तीतही हाच प्राणी आणि हाच आकडा आहे. मुंबई हायसारख्या, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या क्षेत्रात ही कसोटी सयुक्तिक आहे, कारण तिथे कचऱ्याशी पहिली गाठ समुद्री जिवाची पडते. पण शिवसागरच्या भातखाचरांशेजारी किंवा मेहसाण्याच्या शेतांमध्ये खणलेल्या विहिरीचा कचरा समुद्रात जात नाही. तो मातीत जातो किंवा मातीपासून एका अस्तराच्या अंतरावर राहतो. तिथे त्याची गाठ गांडुळाशी पडते, आणि गांडुळाला कोणी काही विचारलेले नाही.

गेल्या चार-साडेचार दशकांत या विषयावर झालेले काम एकत्र पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. खोदकामाचा कचरा जमिनीला घातक आहे की नाही, याचे उत्तर कचऱ्यात काय आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कोणाला विचारले आणि काय विचारले यावरही असते. समुद्रातल्या जिवाला विचारले, मक्याला विचारले, प्रयोगशाळेतल्या उपकरणाला तेलाची टक्केवारी विचारली, तर एक उत्तर येते. मातीत राहणाऱ्या प्राण्याला ‘तू मेलास का’ असे विचारले तर दुसरे येते. ‘तुला पिल्ले झाली का’ असे विचारले तर तिसरेच येते. माझे म्हणणे असे, की जमिनीवरच्या कचऱ्याचा निवाडा या तिसऱ्या प्रश्नावर व्हायला हवा. आज तो बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रकारच्या साक्षीवर होतो.

आधी हा कचरा नेमका काय असतो ते पाहू. विहीर खणताना पाइपातून सतत चिखलासारखा द्रव खाली सोडला जातो. त्यालाच मड म्हणतात. तो छिन्नी थंड ठेवतो, फुटलेल्या खडकाचा चुरा वर वाहून आणतो आणि खोलवरचा दाब आपल्या वजनाने रोखून धरतो. वजनासाठी त्यात बॅराइट, म्हणजे बेरियम सल्फेटची भुकटी, मोठ्या प्रमाणात घालतात. दाटपणासाठी बेंटोनाइट माती, मातकट खडक फुगू नये म्हणून पोटॅशियम क्लोराइड, आम्लता सांभाळायला कॉस्टिक सोडा आणि शिवाय पॉलिमर व इतर रसायने असतात. पाण्याऐवजी डिझेल, खनिज तेल किंवा कृत्रिम तेल वापरले की तो तेलाधारित मड होतो. त्यातल्या पाण्याच्या थेंबांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड विरघळलेले असते. वर येणाऱ्या चुऱ्याला कटिंग्ज म्हणतात. त्याच्या कणाकणाला हा मड चिकटलेला असतो, आणि खोल थरातले खारे पाणी व कच्चे तेलही त्यासोबत येते. तेव्हा गांडुळाच्या दृष्टीने या कचऱ्यात तीन वेगळी संकटे आहेत: तेल, मीठ आणि धातू. प्रमाणही किरकोळ नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे १९८५ साली अमेरिकेत जमिनीवरील खोदकामातून सुमारे ३६ कोटी बॅरल कचरा निघाला. १९९५ साली तो १५ कोटी बॅरलच्या आसपास होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली हा कचरा घातक कचऱ्याच्या संघीय नियमांतून वगळला, त्यामुळे त्याचे काय करायचे हे बरेचसे राज्यांवर सोपवले गेले. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनी तेल असलेला मड आणि त्याच्या कटिंग्ज यादीत घेतल्या, पण पाण्यावर आधारलेल्या मडच्या कटिंग्ज स्पष्टपणे बाहेर ठेवल्या.

साक्षीसाठी गांडूळच का, हा प्रश्न रास्त आहे. मातीत जीव असंख्य आहेत. पण गांडुळाची शरीररचनाच अशी आहे की मातीपासून त्याला काही लपवता येत नाही आणि मातीलाही त्याच्यापासून काही लपवता येत नाही. त्याला फुप्फुसे नाहीत, कल्ले नाहीत. ते ओल्या त्वचेतून श्वास घेते, आणि ज्या पातळ ओल्या त्वचेतून प्राणवायू आत जातो तिच्यातूनच मातीच्या ओलाव्यात विरघळलेली विषेही आत जातात. शिवाय ते माती खाते, म्हणजे कणांना चिकटून बसलेले आणि पाण्यात न उतरलेले विषही आतड्यातून त्याच्या अंगात उतरते. पाण्यातला जीव फक्त विरघळलेल्या किंवा तरंगत्या अंशाला सामोरा जातो. गांडुळावर दोन्ही वाटांनी मारा होतो. दुसरे कारण त्याच्या कामाचे. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली आपले शेवटचे पुस्तक गांडुळांवर लिहिले आणि इंग्लंडच्या अनेक भागांत ती दरवर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती वर आणून टाकतात असा हिशेब मांडला. २०१४ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात गांडुळे असलेल्या मातीत पिकाचे उत्पादन सरासरी २५ टक्के जास्त आढळले. २०२३ साली आणखी एका अभ्यासाने जगाच्या धान्योत्पादनातला सुमारे साडेसहा टक्के वाटा त्यांच्या खाती मांडला. बिळांतून पाणी मुरते, मुळांना हवा मिळते, जमीन वेळेवर वापशावर येते. म्हणून गांडूळ नाहीसे झाले की मातीचे कामच थांबू लागते. साक्षीदार म्हणून त्याचे मोल इथे आहे: मातीची हानी ज्याच्या देहात उमटते, तोच ती माती घडवणाराही असतो.

तरीही संशोधनाने आधी गाठले ते पिकांना. १९८० साली अमेरिकेतल्या युटा राज्यातील मृदाशास्त्रज्ञांनी मडचे वेगवेगळे घटक आणि नंतर संपूर्ण मड मातीत मिसळून घेवडा आणि मका वाढवून पाहिला. विरघळणारे क्षार, जास्त सोडियम आणि डिझेल हे मुख्य दोषी ठरले, आणि बॅराइट व बेंटोनाइट तुलनेने सौम्य. हा निष्कर्ष मोलाचा होता आणि आजही टिकून आहे. त्यानंतर जमिनीवर कचरा पसरण्याचे नियम झाले ते पिकांच्याच भाषेत: मातीची विद्युतवाहकता किती, सोडियमचे प्रमाण किती, तेल किती. लुइझियानाच्या नियमावलीत कचरा मिसळलेल्या कोरडवाहू मातीत तेल व ग्रीस वजनाच्या एक टक्क्यापर्यंत आणि विद्युतवाहकता ४ एककांपर्यंत चालते. यातले चार हा आकडा कुठून येतो ते पाहावे. ज्या पातळीला मृदाशास्त्र जमिनीला खारवट म्हणू लागते, आणि अनेक पिकांचे उत्पादन घटू लागते, ती ही पातळी. मूळ पसरून जगणाऱ्या झाडाची आणि उघड्या त्वचेने जगणाऱ्या प्राण्याची मिठाची सहनशक्ती सारखीच असेल, हे मात्र गृहीत धरलेले होते, तपासलेले नव्हते.

गांडुळाला विचारण्याची पद्धतशीर रीत १९८४ साली आली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) त्या वर्षी २०७ क्रमांकाची चाचणी प्रमाणित केली. सत्तर टक्के वाळू, वीस टक्के केओलिन माती आणि दहा टक्के पीट अशी कृत्रिम माती तयार करायची, तीत पदार्थ मिसळायचा, गांडुळे सोडायची आणि चौदा दिवसांनी किती मेली ते मोजायचे. सोपी, स्वस्त आणि जगभर एकसारखी म्हणून ही चाचणी रुजली. पण तिच्या प्रश्नातच मर्यादा आहे. प्रौढ गांडूळ चिवट असते. ते आकसते, खाणे बंद करते, चौदा दिवस कसेबसे काढते आणि चाचणीत उत्तीर्ण होते. म्हणून २००४ साली दुसरी चाचणी प्रमाणित झाली. तीत प्रौढ गांडुळे चार आठवडे मातीत ठेवतात, मग ती काढून घेतात, आणि त्यांनी टाकलेल्या कोषांतून पिल्ले बाहेर पडण्यासाठी आणखी चार आठवडे थांबतात. एकूण छप्पन्न दिवस. पुढे एक तिसरी चाचणीही आली: भांड्याच्या अर्ध्या भागात स्वच्छ माती आणि अर्ध्या भागात संशयित माती ठेवून दोन दिवसांत गांडुळे कुठे जातात ते पाहायचे. तेल, मीठ, धातू काहीही असो, या तीन चाचण्यांची उत्तरे साधारण एकाच क्रमाने येतात. मरण सगळ्यात शेवटी येते. त्याच्या कितीतरी आधी प्रजनन मंदावते किंवा थांबते, आणि अनेकदा त्याही आधी गांडूळ ती जागा सोडून जाऊ पाहते. ज्या मातीत एकही गांडूळ मेले नाही, पण एकही पिल्लू जन्मले नाही, तिला चौदा दिवसांची चाचणी निर्दोष म्हणते. तिथली गांडुळे एका पिढीत संपणार असतात.

तेलापासून सुरुवात करू, कारण तिथे पुरावा सर्वांत भरघोस आहे. हलक्या तेलातले आणि डिझेलमधले लहान, वास येणारे रेणू सर्वांत झपाट्याने मारतात. ते त्वचेतून सहज आत शिरतात आणि पेशींच्या पटलांत साठून प्राण्याला बधिर करतात. जड तेल त्यामानाने कमी मारक असते, पण ते मातीचे कण गुंडाळून टाकते, पाणी मुरू देत नाही आणि पुढे अनेक हंगाम तिथेच राहते. कॅनडाने २००१ साली पेट्रोलियमसाठी देशभराचे मानक आणले आणि २००८ साली त्यात सुधारणा केली. ते करताना त्यांनी अल्बर्टातल्या कच्च्या तेलाचे अंश वेगळे करून प्रत्येकाची परीक्षा गांडुळे, कोलेंबोला नावाचे मातीतले सूक्ष्म कीटकवर्गीय प्राणी आणि सातू, लसूणघास यांसारख्या वनस्पतींवर घेतली. निष्पन्न झालेले आकडे असे: वालुकामय शेतजमिनीत डिझेलच्या जवळच्या अंशासाठी किलोमागे १५० मिलिग्रॅम, आणि त्यापेक्षा जड, सोळा ते चौतीस कार्बन अणूंच्या अंशासाठी ३०० मिलिग्रॅम. चिकण मातीत याच जड अंशासाठी १,३०० मिलिग्रॅम. आता लुइझियानाचा एक टक्का याच एककात मांडला तर १०,००० मिलिग्रॅम होतो. नायजेरियाच्या नियमांत हस्तक्षेपाची पातळी ५,००० आहे. भारताच्या २००५ च्या अधिसूचनेत तेलाधारित मडच्या कटिंग्ज धुऊन खड्ड्यात टाकताना किलोमागे १० ग्रॅम, म्हणजे पुन्हा १०,००० मिलिग्रॅमच्या आत तेल असावे अशी अट आहे. हे आकडे तंतोतंत एकाच गोष्टीचे नाहीत. कुठे एकूण तेल मोजले आहे, कुठे एक अंश, कुठे अस्तर घातलेला खड्डा आहे आणि कुठे उघडे शेत. हा फरक मान्य करूनही एक गोष्ट उरते. मातीतल्या जिवांना विचारून ठरलेला आकडा आणि त्यांना न विचारता ठरलेला आकडा यांच्यात अनेक पटींचे अंतर आहे.

अल्बर्टा प्रांताच्या याच विषयावरच्या निर्देशातही साक्षीदाराचा प्रश्न उभा राहतो. तिथे खोदकामाच्या कचऱ्याची विषाक्तता तपासायला प्रकाश देणारे जिवाणू वापरतात. पंधरा मिनिटांत त्यांचा प्रकाश किती मंदावतो ते मोजतात. चाचणी झटपट आहे, विहिरीजवळच्या प्रयोगशाळेत करता येते आणि पाण्यात उतरणाऱ्या विषाबद्दल ती खरेच काही सांगते. पण हा जिवाणूही मूळचा समुद्रातला आहे, आणि कचऱ्यातून पिळून काढलेल्या पाण्यापुरतेच त्याला कळते. कणांना चिकटलेले तेल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि गांडूळ नेमके तेच गिळते.

मिठाचे संकट तेलापेक्षा कमी चर्चिले जाते. गांडुळाच्या दृष्टीने ते कदाचित अधिक कठोर असावे. तेलाला जिवाणू खातात, ऊन-वारा उडवतो. क्लोराइडला कोणी खात नाही, ते फक्त पाण्याबरोबर इकडून तिकडे जाते. मिठाचे पाणी गांडुळाच्या अंगातले पाणी ओढून घेते, आणि सोडियम चिकण मातीची रचना मोडून तिचे घट्ट, हवा न खेळणारे ढेकूळ करते. म्हणजे शरीर आणि घर दोन्हींवर घाव पडतो. क्षारांवर झालेल्या चाचण्यांतही वर सांगितलेलाच क्रम दिसतो: गांडुळे ज्या खारटपणात टिकून राहतात, त्यापेक्षा बऱ्याच कमी खारटपणात त्यांचे कोष घटतात. पावसाळ्यात वरचा थर धुतला जातो म्हणून मीठ गेले असे वाटते. ते जिथे उतरते तिथेही माती आणि विहिरींचे पाणी असतेच, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ते पुन्हा वर येऊ शकते.

धातूंमध्ये बेरियमची कथा लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे, कारण इथे उद्योगाची बाजू खरोखर भक्कम आहे. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम इतकेच. डॉक्टर एक्स-रे काढण्यापूर्वी ते रुग्णाला प्यायला देतात, ते याच कारणाने. त्यामुळे मातीतले एकूण बेरियम मोजून घाबरण्यात अर्थ नाही, हे म्हणणे योग्य आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मातीतल्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रजननाच्या चाचण्यांवरून बेरियमची प्राथमिक पातळी किलोमागे ३३० मिलिग्रॅम ठरवली. कॅनडात शेतजमिनीसाठी ती ७५० आहे. अल्बर्टाने मात्र बेरियम बॅराइटच्याच रूपात आहे असे सिद्ध झाल्यास शेतजमिनीतही १०,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली, आणि सोबत विरघळू शकणाऱ्या बेरियमला वेगळी, बरीच कडक मर्यादा घातली. ही मांडणी शास्त्रशुद्ध आहे. पण ती एका गृहीतकावर उभी आहे: बॅराइट बॅराइटच राहील. कोरड्या, हवा खेळत्या मातीत ते राहते. पाणी साचून हवा संपली की सल्फेट खाणारे जिवाणू कामाला लागतात आणि बॅराइटमधले सल्फेट ओढून घेतात. मग बेरियम मोकळे होऊ शकते. अल्बर्टाच्या गव्हाच्या मैदानात हा विचार दुय्यम असेल. वरच्या आसामात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि भातखाचरात महिनोन्महिने पाणी उभे राहते. तिथे तो पहिला विचार असायला हवा. परदेशी आकडा उसना घेताना त्याच्यामागची माती उसनी आणता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप मुरलेल्या तेलाचा आहे. ताजे तेल मिसळून केलेल्या चाचण्या धोका फुगवून दाखवतात. काही महिन्यांत उरलेले तेल मातीच्या सेंद्रिय पदार्थात इतके खोल रुतते की प्राण्याला ते मिळतच नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मार्टिन अलेक्झांडर यांनी नव्वदच्या दशकात हा मुद्दा प्रभावीपणे मांडला, आणि १९९७ साली शेल कंपनीच्या संशोधकांनी हलके, मध्यम आणि जड कच्चे तेल मातीत मिसळून, जिवाणूंकरवी ते कुजू देऊन दाखवून दिले की मापात बरेच तेल उरलेले असतानाही गांडुळे त्या मातीत जगतात. हा पुरावा मी मान्य करतो. पण त्यातून निघते काय? एवढेच, की तेलाची टक्केवारी सुरक्षिततेबद्दल खात्रीने काही सांगत नाही. टक्केवारी जास्त असताना माती निर्धोक असू शकते, तर टक्केवारी कमी असताना ती घातकही असू शकते, विशेषतः उरलेले तेल हलके असेल, किंवा सोबत मीठ असेल, किंवा कुजण्याच्या मधल्या टप्प्यात मूळ तेलापेक्षा अधिक विरघळणारी संयुगे तयार झाली असतील. म्हणजे आकडा शिथिल करावा याच्या बाजूने हा आक्षेप जेवढा बोलतो, त्याहून जास्त तो त्या जागेच्या, त्या दिवसाच्या मातीत गांडूळ सोडून पाहावे याच्या बाजूने बोलतो. अलेक्झांडर यांच्या युक्तिवादाचा प्रामाणिक शेवट गांडुळाच्या चाचणीतच होतो.

दुसरा आक्षेप असा, की गांडुळेच तेल साफ करतात, मग काळजी कशाची? गांडुळांमुळे मातीत हवा जाते, त्यांच्या आतड्यातून आणि विष्ठेतून जिवाणू वाढतात आणि तेलाचे विघटन वेगाने होते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. न्यूझीलंडच्या तारानाकी प्रांतात २००० नंतरच्या काही वर्षांत हे प्रत्यक्ष कटिंग्जवर करून पाहिले गेले. कटिंग्जमध्ये लाकडाचा भुसा आणि कत्तलखान्यातल्या जनावरांच्या पोटातले न पचलेले गवत मिसळून तो ढीग गांडुळांना खायला दिला, आणि काही आठवड्यांत तेलाचा फार मोठा भाग नाहीसा झाला. पण हे कशामुळे जमले ते नीट पाहिले पाहिजे. तिथे वापरलेल्या मडमध्ये डिझेल नव्हते, सहज कुजणारे कृत्रिम पॅराफिन होते. आणि आतल्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइडच्या जागी नायट्रेटचे क्षार होते, म्हणजे मिठाच्या जागी खत. कचरा शेवटी गांडुळाच्या तोंडी जाणार हे आधी ठरले, आणि मग मडची कृती बदलली. या एका उदाहरणात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. डिझेल आणि क्लोराइडने भरलेल्या कटिंग्जवर गांडुळे सोडून चमत्काराची वाट पाहणे म्हणजे उपाय नव्हे. विहीर खणण्याआधी गांडुळाचा विचार केला, तर विहीर खणता येते आणि मातीही राहते.

तिसरा आक्षेप क्षेत्रफळाचा. एक विहीर म्हणजे एक-दोन हेक्टर जागा, सगळ्या शेतीच्या मानाने नगण्य. या आक्षेपाला उत्तर अंतरात आणि काळात आहे. नेदरलँड्समध्ये समुद्रातून मिळवलेल्या जमिनींत गांडुळे सोडून त्यांचा प्रसार मोजला गेला, तेव्हा ती वर्षाला दहा मीटरच्या आसपास सरकत असल्याचे दिसले. शंभर मीटर रुंद जागेच्या काठापासून मध्यापर्यंत पन्नास मीटर असतात. माती आज पूर्ण शुद्ध झाली तरी तिच्या मध्यावर गांडूळ पोहोचायला पाचेक वर्षे लागतील, आणि वाटेत मिठाचा किंवा तेलाचा पट्टा असेल तर ते त्याला टाळून मागेच फिरेल. शिवाय तेलक्षेत्रात विहिरी एकट्या नसतात. खड्डे, पाइपलाइन आणि तेल गोळा करणारी केंद्रे यांचे जाळे असते, आणि गळती आडवीच नाही तर खालीही जाते. नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली अहवाल दिला, त्यात ४९ ठिकाणी किमान पाच मीटर खोल मातीत तेल आढळले. ते खोदकामाच्या कचऱ्यापेक्षा मुख्यतः गळतीचे होते, हे नोंदवले पाहिजे. पण वरून माती पसरली की प्रश्न मिटतो, ही समजूत तिथे खोटी ठरली. २०२० साली आसाममधल्या बाघजानच्या विहिरीला लागलेली आग साऱ्या देशाने पाहिली. ज्या खड्ड्यांवर माती टाकून वर गवत उगवले आहे, तिथे बघायला कोणी जात नाही.

गांडुळाच्या चाचणीवरही आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक मला सर्वाधिक पटतो. जगभर ज्यावर चाचणी होते ते आयसेनिया फेटिडा हे गांडूळ शेतातले नाहीच. ते शेणाच्या, पालापाचोळ्याच्या ढिगात राहते, म्हणूनच आपल्याकडे गांडूळखताच्या वाफ्यांत ते दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी सत्तरच्या दशकात गांडुळांचे तीन गट केले: वरच्या कचऱ्यात राहणारी, मातीच्या आत आडवी फिरणारी, आणि खोल उभी बिळे करून रात्री वर येणारी. आयसेनिया पहिल्या गटातले आहे. ते दीड-दोन महिन्यांत वयात येते आणि त्याच्या एकेका कोषातून अनेक पिल्ले निघतात. खोल बिळे करणाऱ्या मोठ्या गांडुळांना वयात यायला वर्षाच्या आसपास लागू शकते आणि त्यांच्या कोषातून बहुधा एकच पिल्लू निघते. त्यांची घटलेली संख्या भरून यायला कितीतरी जास्त काळ लागणार, आणि ती दरम्यान माती गिळतच राहणार. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. लॅम्पिटो मॉरिटी हे आपल्या शेतांत सर्रास सापडणारे गांडूळ, पेरियोनिक्स एक्सकॅव्हेटस हे ओलसर जागेतले, आणि ड्राविडा वंशातली कितीतरी. पीट मिसळलेली कृत्रिम माती ना आसामच्या गाळाची, ना गुजरातच्या काळ्या जमिनीची, ना बाडमेरच्या वाळूची. तेव्हा आयसेनियाची साक्ष अपुरी आहे हे खरे. पण अपुरी साक्ष सुधारायची असते. ती फेटाळून समुद्रातल्या प्राण्याकडे जाण्याने सत्य जवळ येत नाही, आणखी लांब जाते.

खर्चाचाही मुद्दा निघेल. छप्पन्न दिवस थांबणे कोणाला परवडेल? पण खड्डा भरून झाकण्याआधी, जागा सोडून जाण्याआधी, महिने जातातच. चाचणीला लागतात डबे, माती, थोडे शेण, गांडुळे आणि मोजणारी माणसे. कृषी विद्यापीठांत यातले काहीही दुर्मीळ नाही. २००५ च्या अधिसूचनेत आणखी एक कलम आहे, ते इथे कामाला येते. परवानगी घेऊन हा कचरा योग्य जागी जमिनीत मिसळून कुजवण्याची वाट ते मोकळी ठेवते. ही वाट चुकीची नाही. तेल खाणारे जिवाणू वापरून तेलकट गाळ शुद्ध करण्याचे तंत्र भारतातच विकसित झाले आहे. प्रश्न एवढाच, की शुद्ध झाले असे कधी म्हणायचे? तेलाचा आकडा खाली आला की, की त्या मातीत पुन्हा कोष दिसू लागले की?

म्हणून बदल तीनच सुचवावेसे वाटतात, आणि तिन्ही आवाक्यातले आहेत. जमिनीवरील विहिरींच्या रसायनांना मायसिडची कसोटी पुरेशी मानू नये. तिच्याजोडीला गांडुळाच्या प्रजननाची कसोटी लावावी. ज्या भागात विहीर आहे तिथल्या एखाद्या देशी गांडुळावर आणि तिथल्या मातीत ती चाचणी बसवून घ्यावी. आसामात पाणी साचवूनही ती करावी. आणि तिसरा, सर्वांत साधा. खोदकाम संपल्यावर जागा पूर्ववत करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे, असे अधिसूचना आजही सांगते. पूर्ववत या शब्दाला आज मापच नाही. माप असे असू शकते: पावसाळ्यात, जमीन वापशावर असताना, त्या जागेत आणि बांधापलीकडच्या शेतात पंचवीस सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन खणावेत, माती हाताने फोडावी आणि गांडुळे मोजावीत. दोन-तीन वर्षे हे करावे. दोन्हीकडचे आकडे जवळ आले आणि त्यांत पिल्लेही सापडली, तर माती परत दिली असे म्हणता येईल. सापडली नाहीत, तर अस्तर शाबूत असो, तेल एक टक्क्याच्या आत असो, वर गवत हिरवे असो, शेतकऱ्याला त्याची जमीन अजून परत मिळालेली नाही.